वेशीतला बाक आणि मोहोरबंद पत्र

बायबलातल्या रूथच्या गोष्टीत बवाज वेशीत जाऊन बसला. बेथलेहेम लहान गाव. शेताकडे निघालेला, खळ्यावरून परतणारा, प्रत्येक जण त्याच वाटेने जाणार, त्यामुळे ज्याला गाठायचं त्याच्या घरी जायची गरज नव्हती. थोड्या वेळाने तो माणूस, नामी या विधवेच्या नवऱ्याचा नातेवाईक, आलाच. बवाज म्हणाला, 'अरे अमक्या, इकडे ये, बस जरा.' हिब्रूत इथे 'पेलोनी अल्मोनी' असे शब्द आहेत, आपल्या 'अमका-तमका'सारखे. रूथची गोष्ट लिहिणाऱ्याने त्या माणसाचं नाव सांगितलेलंच नाही. मग बवाजाने गावातल्या दहा वडीलधाऱ्यांना बोलावून बसवलं आणि नामीच्या जमिनीचा विषय काढला. नातेवाईक म्हणाला, घेतो. बवाज म्हणाला, जमीन घेशील त्या दिवशी मेलेल्याची बायको, नामीची सून रूथ, ती परकी मवाबी बाई, तीही तुझ्या पदरात येईल. मेलेल्याचं नाव त्याच्या वतनावर राहायला हवं. तेव्हा तो मागे सरला. माझंच वतन बिघडेल, तूच ती जमीन सोडवून घे, म्हणाला, आणि पायातलं पायताण काढून त्याने बवाजाला दिलं. व्यवहार पुरा झाला.

या सगळ्यात ते दहा जण शेवटी एकदाच बोलतात: 'आम्ही साक्षी आहोत.' त्यानंतर आशीर्वाद. ते निकाल देत नाहीत, हुकूम सोडत नाहीत. त्यांच्याजवळ कारकून नाही, दप्तर नाही, शिपाई नाही. उद्या कुणी त्या जमिनीवर हक्क सांगत आला, तर पायताण काढताना बघितलेली दहा माणसं गावात आहेत, एवढाच त्या व्यवहाराला आधार. ही माणसं शब्द फिरवणार नाहीत, कारण त्यांना त्याच वेशीतून रोज जायचं-यायचं आहे.

प्राचीन इस्राएलातल्या या वंशप्रमुखांची आणि वडीलधाऱ्यांची गोष्ट बहुतेक वेळा घाईने उरकली जाते. आधी टोळ्या होत्या, त्यांच्यात मेळ नव्हता, पुढे शौल, दावीद, शलमोन हे राजे आले आणि समाज मार्गी लागला, असा तिचा सूर असतो. बायबलातल्या 'शास्ते' या पुस्तकाचा शेवटही याच सुरावर होतो: त्या काळी इस्राएलात राजा नव्हता, ज्याला जे बरं दिसे ते तो करी. मला हे पटत नाही. राजा येण्यापूर्वी या माणसांनी समाज चालवला, राजाच्या काळात त्यांनीच गावं सांभाळली, आणि राजा, राजधानी, मंदिर सगळं गेल्यावर जे काही उरलं ते त्यांच्याभोवतीच उरलं. त्यांच्या हातून वाईटही झालं, अतिशय वाईट, आणि ते लपवून त्यांची बाजू मांडता येणार नाही. पण ते वाईट कधी झालं हे नीट पाहिलं, तर राजा नसणं हे त्याचं कारण होतं असं म्हणता येत नाही.

आधी जमीन काय सांगते ते पाहू. इजिप्तचा राजा मेर्नेप्ताह याचा विजयस्तंभ 1896 साली थीब्जला सापडला. इ.स.पू. 1208च्या सुमाराचा हा शिलालेख, आणि इस्राएलाचा बायबलाबाहेरचा सर्वांत जुना निर्विवाद उल्लेख त्यात आहे. कोरणाऱ्याने शेजारच्या नगरांच्या नावांपुढे प्रदेशाची खूण काढली. इस्राएलापुढे मात्र लोकांची खूण काढली. म्हणजे तेव्हा सांगावी अशी राजधानी नव्हती, पण ओळखावेत असे लोक होते. त्याच सुमारास कनानच्या (आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या) मधल्या डोंगराळ पट्ट्यात लहान लहान वस्त्या उभ्या राहिलेल्या दिसतात. सर्वेक्षणांत अशा अडीचशेच्या आसपास जागा मिळाल्या. पावसाचं पाणी धरायला खोदलेली टाकी, उतारावर बांधबंदिस्ती करून काढलेली शेतं, मध्ये अंगण आणि भोवती खोल्या अशी घरं. या वस्त्यांत राजवाडा नाही, मोठं मंदिर नाही, आणि एखादं घर बाकीच्यांपेक्षा फारच भारी आहे असंही सहसा दिसत नाही.

डोंगरउतारावर शेती करणाऱ्या कुणालाही यातलं मर्म कळेल. वरच्याचा बांध फुटला तर खालच्याचं शेत वाहून जातं. टाक्याचं पाणी कुणी किती न्यायचं, ऑलिव्ह एकाच वेळी पिकल्यावर घाण्यावर पहिला नंबर कुणाचा, ही भांडणं रोजची. ती सोडवायला दूरचा न्यायाधीश उपयोगाचा नाही. तिथे तिसऱ्या पिढीपासूनचा बांध कुठे होता हे आठवणारा माणूस लागतो.

त्या समाजाची घडणही अशीच घरापासून सुरू होत होती. सर्वांत आत 'बेत आव', बापाचं घर: आजोबा, मुलगे, सुना, नातवंडं, गडीमाणसं. अशा घरांचं मिळून 'मिश्पाखा', म्हणजे कूळ. बहुतेक गाव म्हणजे एखाद-दुसरं कूळच. कुळांचा मिळून वंश. वंशाला हिब्रूत दोन शब्द आहेत, 'शेवेत' आणि 'मत्ते', आणि दोन्हींचा मूळ अर्थ काठी. काठी ज्याच्या हातात, त्याच्यामागे चालणारे ते एका वंशाचे. वडीलधाऱ्याला 'झाकेन' म्हणत, आणि दाढीला 'झाकान'. मराठी बायबलात 'वडील' शब्द येतो. आपल्याकडे तो बापालाही आहे आणि मोठ्यालाही, त्यामुळे घर आणि गाव यांमधली हिब्रूतली जवळीक मराठीत अनायास उतरली आहे. वंशाच्या सरदाराला 'नासी' म्हणत, म्हणजे उचलून वर धरलेला. आजच्या इस्राएलच्या राष्ट्राध्यक्षालाही हाच शब्द आहे. मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. ज्याला उचललं, त्याला खाली ठेवणारे हातही तेच.

बारा वंश हा आकडा मात्र सोनाराच्या काट्यावर तोलू नये. 'शास्ते'मधलं दबोरा या संदेष्ट्रीचं गीत बायबलातल्या सर्वांत जुन्या कवितांपैकी एक मानलं जातं. त्यात दहाच नावं येतात. यहूदा आणि शिमोन नाहीत, मनश्शेच्या जागी माखीर आहे, गादच्या जागी गिलाद. 1930 साली मार्टिन नोट या जर्मन अभ्यासकाने बारा वंशांचा एका पवित्र स्थानाभोवती बांधलेला संघ होता अशी कल्पना मांडली, ग्रीसमधल्या तशा संघांवरून. पुढची काही दशकं ती सर्वत्र चालली, नंतर पुराव्याअभावी मागे पडली. नीटस आराखडे नंतरच्यांनी आखले. मूळ गोष्ट सैल होती, आणि त्या सैलपणाला मी दोष म्हणणार नाही.

दबोरेच्या गीतातच पाहा. कनानी सेनापती सीसरा याच्याशी लढायला हाक गेली. एफ्राईम आला, बन्यामीन आला, जबुलून आणि नफतालीने जीव पणाला लावला. रऊबेनाच्या वाड्यांवर मोठमोठे विचारविनिमय झाले, आणि तो मेंढवाड्यात खिल्लारांची पावरी ऐकत बसून राहिला. गिलाद यार्देनेपलीकडेच थांबला, दान गलबतांपाशी, आशेर समुद्रकाठी. कवयित्री त्यांना टोचून बोलते, पण शिक्षेचं नाव काढत नाही. शाप मिळाला तो फक्त मेरोज या एका गावाला. वंशप्रमुखाला 'नाही' म्हणता येत होतं, आणि ज्याला नाही म्हणता येतं त्याचं 'हो' मोलाचं असतं. पुढे राजा आल्यावर रऊबेनाला मेंढवाड्यात बसून राहायची सोय उरली नाही.

या व्यवस्थेचं काम जवळून बघायचं असेल तर बायबलातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायातला विधी बघावा. रानात एखादं प्रेत सापडलं, मारणारा कोण ते कळेना. अशा वेळी वडीलधारे आणि न्यायाधीश बाहेर पडतात आणि प्रेतापासून आसपासच्या प्रत्येक गावापर्यंतचं अंतर मोजतात. खरोखर मोजतात. जे गाव सर्वांत जवळ, त्याच्या वडीलधाऱ्यांनी कधी जुवाला न जुंपलेली कालवड घ्यायची, नांगर न लागलेल्या, वाहत्या पाण्याच्या खोऱ्यात न्यायची, तिथे तिची मान मोडायची, तिच्यावर हात धुवायचे आणि म्हणायचं: आमच्या हातांनी हे रक्त सांडलं नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिलं नाही.

बेवारस मढ्यासाठी गावाच्या सर्वांत मानाच्या माणसांनी उन्हात दोरी धरून रान तुडवायचं! मरणारा कोण, कुठला, कुणाचा, हे कुणी विचारत नाही. तुमच्या हद्दीजवळ माणूस मेला म्हणजे उत्तर तुम्ही द्यायचं. प्रमुखपदाचा एवढा थेट अर्थ मी दुसरीकडे क्वचितच वाचला आहे. मान होता, पण त्याची किंमत अशी मोजावी लागत होती. हीच माणसं आश्रयाच्या नगरांच्या वेशीत, चुकून हातून खून झालेल्याचं म्हणणं ऐकून घेत आणि त्याला आत जागा देत. मुद्दाम केलेला खून असेल तर त्याच्या गावचे वडीलधारे माणूस पाठवून त्याला परत नेत. सूडाच्या रक्ताने पेटलेला भाऊ आणि पळणारा माणूस यांच्यामध्ये उभं राहायचं काम त्यांचं.

त्यांना कधी कुणापुढे नमतंही घ्यावं लागलं. इफ्ताह हा गिलाद नावाच्या माणसाचा मुलगा, पण वेश्येपोटी झालेला. सावत्र भावांनी त्याला हाकलून दिलं आणि तो तोब देशात पुंडांची टोळी जमवून राहिला. अम्मोनी चालून आले तेव्हा गिलाद प्रदेशाचे वडीलधारे स्वतः चालत त्याच्याकडे गेले. इफ्ताहाने सरळ विचारलं: तुम्ही माझा द्वेष केलात, बापाच्या घरातून मला काढलंत, आता अडचण आली तेव्हा का आलात? त्यांनी नाकारलं नाही. म्हणाले, म्हणूनच आलो आहोत. आधी सेनापतिपद देऊ केलं होतं. त्याने घासाघीस करून सगळ्या गिलादाचं प्रमुखपद पदरात पाडून घेतलं, आणि मिस्पा इथे सर्वांसमक्ष शब्द पक्का केला. भाऊबंदकीत हाकललेल्या माणसासमोर हात जोडून उभं राहणं सोपं नसतं. ते त्यांनी गावासाठी केलं, याची नोंद त्यांच्या बाजूने व्हायला हवी.

पण 'शास्ते' या पुस्तकाच्याच शेवटी जे आहे तेही वाचावं लागतं. बन्यामीन वंशातल्या गिबा गावात एका वाटसरूच्या उपपत्नीवर रात्रभर अत्याचार झाले आणि ती मेली. बन्यामिनाने गुन्हेगार आपले म्हणून पाठीशी घातले. युद्ध झालं, बन्यामिनाचे सहाशे पुरुष उरले. आपल्या मुली त्यांना द्यायच्या नाहीत अशी शपथ बाकीच्यांनी घेऊन ठेवली होती. मग याबेश गिलादावर हल्ला करून चारशे मुली आणल्या. त्या पुरेनात. तेव्हा मंडळीचे वडीलधारे विचार करत बसले, आणि त्यांनी तोड काढली: शिलोच्या सणाला मुली नाचायला बाहेर येतील, द्राक्षमळ्यात लपून बसा आणि पळवून न्या, त्यांचे बाप-भाऊ तक्रार घेऊन आले तर त्यांची समजूत आम्ही घालू.

हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावा. एका बाईवरच्या अन्यायासाठी सुरू झालेलं प्रकरण शेकडो मुलींच्या अपहरणाने मिटवलं गेलं, आणि ते मिटवणारे शहाणे, वयस्क, मानाचे लोक होते. पुस्तकाचा लेखक म्हणतो, राजा नव्हता म्हणून. मला कारण वेगळं दिसतं. त्या बैठकीत ज्यांच्याबद्दल बोलणं चाललं होतं त्यांच्यातलं कुणीच बसलेलं नव्हतं. वडीलधाऱ्याचा न्याय नात्यावर उभा होता. वंश टिकला पाहिजे ही त्याची पहिली काळजी, आणि वंश म्हणजे त्याच्या लेखी पुरुषांची नावं. वडीलधाऱ्यांच्या व्यवस्थेतलं हे जन्मजात व्यंग होतं. राजा आल्यानेही ते गेलं नाही. उलट राजवाड्यात त्याला जनानखान्याची भर पडली.

ज्या वेळी मुली स्वतः समोर येऊन उभ्या राहिल्या, त्या वेळी काय झालं, तेही गणनेच्या पुस्तकात आहे. मनश्शे वंशातल्या सलाफहादाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा या पाच मुली. दर्शनमंडपाच्या दाराशी, मोशे, याजक, सगळे सरदार आणि मंडळी यांच्यासमोर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मुलगा नाही म्हणून आमच्या बापाचं नाव कुळातून का पुसलं जावं? आम्हाला वतन द्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. नंतर कुळाचे प्रमुख फिरून आले: या परवंशात लग्न करतील तर आमची जमीन जाईल. मग अट आली, लग्न आपल्याच वंशात करायचं. हक्क मिळाला आणि त्याला कुंपणही पडलं. तरी तोंडावर मागितल्याने काही मिळालं हे खरं.

आणि याचा एक धागा मातीतून वर आला. 1910 साली शोमरोनात, शलमोनानंतर वेगळ्या झालेल्या उत्तरेच्या राज्याच्या राजधानीत, शाईने लिहिलेल्या खापऱ्या सापडल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या. राजाच्या कोठारातल्या मालाच्या नोंदी: अमुक वर्षी, अमुक ठिकाणाहून, अमुक माणसाकडे, जुन्या द्राक्षारसाचा बुधला किंवा शुद्ध तेलाचा बुधला. ठिकाणांमध्ये मनश्शेच्या कुळांची नावं येतात. अबियेजेर, हेलेक, शखेम, शमीदा, अस्रियेल. आणि नोआ. आणि होग्ला. राजा गादीवर असताना, त्याच्याच कारकुनाच्या हातच्या खापरीवर, सलाफहादाच्या दोन मुली जमिनीची नावं होऊन बसल्या आहेत. राज्याने कुळं पुसली नव्हती. बुधला कुठून आला हे लिहायला त्यालाही कुळाचंच नाव लागत होतं.

मग राजा मागितला कुणी? वडीलधाऱ्यांनीच. ते रामा गावी शमुवेल या संदेष्ट्याकडे गेले: तू म्हातारा झालास, तुझे मुलगे लाच खातात, आम्हाला राजा दे. त्यांना मूर्ख म्हणायची घाई करू नये. पलिष्टी लोक किनाऱ्यावरून वर सरकत होते आणि लोहारकाम त्यांच्या हातात होतं. इस्राएलात लोहार नव्हता, फाळ आणि कुदळ पाजवायलासुद्धा पलिष्ट्यांकडे उतरावं लागे, असं शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात आहे. तिथे मजुरीसाठी 'पिम' असा शब्द येतो. त्याचा अर्थ शतकानुशतकं कुणाला लागत नव्हता, मग उत्खननात तेच अक्षर कोरलेली साडेसात ग्रॅमच्या थोडी वरची दगडी वजनं निघाली. फाळाला धार लावायला जे शत्रूला चांदी मोजत होते, त्यांना उभी फौज हवीशी वाटली यात नवल नाही. रऊबेन येईल की नाही याची वाट बघत लढाई करता येत नाही, हेही त्यांनी भोगलं होतं.

शमुवेलाने त्यांना सांगितलं की राजा तुमचे मुलगे रथांपुढे पळवील, मुलींना अत्तरं करायला आणि भाकरी भाजायला नेईल, चांगली शेतं आणि मळे काढून चाकरांना देईल, दहावा हिस्सा घेईल. त्यांनी ऐकलं नाही. तरी एक गोष्ट त्यांनी सोडली नाही: राजाने आधी त्यांच्याशी बोलायचं. दावीद सगळ्या इस्राएलाचा राजा झाला तो हेब्रोनात वडीलधाऱ्यांशी करार केल्यावर; अभिषेक त्यानंतर. शलमोनाने इस्राएलाचे बारा भाग पाडून प्रत्येकावर आपला अंमलदार नेमला, वर्षातला एकेक महिना एकेकाने राजवाड्याची रसद पुरवायची. काही भागांच्या सीमा वंशांच्या सीमांना छेदून गेल्या. वेठबिगार आली. तो मेल्यावर त्याचा मुलगा रहबाम शखेमला गेला, कारण उत्तरेचे वंश तिथे त्याला राजा करणार होते. करणार की नाही हे त्यांच्या हातात होतं. जू हलकं कर, एवढं त्यांचं मागणं. बापाच्या काळच्या म्हाताऱ्या सल्लागारांनी रहबामाला सांगितलं, आज तू यांचा चाकर हो, हे जन्मभर तुझे होतील. त्याने बरोबरच्या तरुणांचं ऐकलं: बापाने चाबकाने मारलं, मी विंचवांनी मारीन. उत्तर आलं, 'दाविदात आमचा वाटा काय? इस्राएला, आपल्या डेऱ्यांकडे चल.' वेठबिगारीवरचा अंमलदार अदोराम दगडांखाली मेला आणि राजा रथात चढून यरुशलेमला पळाला. शलमोनाच्या सगळ्या रथांपेक्षा त्या दिवशी शखेमातलं ते 'नाही' भारी ठरलं.

इथपर्यंतच्या वाईटाला मी नात्याची आंधळी बाजू म्हटलं. दुसऱ्या जातीचं वाईट उत्तरेच्या राज्याचा राजा अहाब याच्या काळात दिसतं, आणि मला जे सांगायचं आहे ते मुख्यतः इथेच आहे.

इज्रेलात नाबोथाचा द्राक्षमळा राजवाड्याला लागून होता. अहाबाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने चांगला मळा बदल्यात किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचं वतन मी देणार नाही. आणि राजा हात चोळत घरी गेला, तोंड फिरवून पलंगावर पडला, जेवेना. राजाला एका शेतकऱ्याचं वावर ओढून घेता येत नव्हतं, इतका कुळाचा कायदा अजून जिवंत होता.

मग त्याची राणी ईजबेल हिने पत्रं लिहिली. अहाबाच्या नावाने लिहिली, त्याची मोहोर उठवली आणि नाबोथाच्याच गावात राहणाऱ्या वडीलधाऱ्यांना आणि प्रतिष्ठितांना पाठवली. उपास पुकारा, नाबोथाला लोकांमध्ये मानाच्या जागी बसवा, समोर दोन नीच माणसं बसवा, त्यांनी साक्ष द्यावी की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या, मग बाहेर नेऊन दगडमार करा. आणि त्यांनी तसंच केलं. ग्रंथकार ओळीमागून ओळ तेच शब्द पुन्हा लिहितो, पत्रात होतं तसं, पत्रात होतं तसं. शेवटी वडीलधाऱ्यांनी निरोप धाडला: नाबोथ दगडमाराने मेला.

यात रूथच्या गोष्टीतलं सगळं आहे. गाव आहे, वडीलधारे आहेत, जमिनीचा तंटा आहे, दोन साक्षीदारांचा नियमसुद्धा पाळला आहे. फरक एवढाच की बेथलेहेमात शब्द वेशीत उच्चारला गेला आणि सगळ्यांनी ऐकला. इज्रेलात तो मोहोर लावून आला आणि जे ठरवायचं ते लोक जमण्याआधी ठरलं होतं. ज्या माणसांच्या शब्दाला नाबोथाच्या कुळामुळे वजन होतं, त्यांनी ते वजन राजवाड्याला उसनं दिलं. राजाचे शिपाई येऊन मळा लुटते तर गावाने त्याला लूट म्हटलं असतं. वडीलधाऱ्यांनी हात लावल्यामुळे तो न्याय दिसला. म्हणून मला गिबाच्या प्रकरणापेक्षा इज्रेलातला तो उपासाचा दिवस अधिक भयंकर वाटतो. आणि सवय एकदा लागली की लागते. पुढे येहू या सेनानायकाने बंड करून शोमरोनातल्या वडीलधाऱ्यांना असंच पत्र पाठवलं, तेव्हा त्यांनी अहाबाच्या सत्तर मुलांची मुंडकी टोपल्यांत भरून इज्रेलला धाडली.

तेल दान इथे उत्तरेच्या एका नगराची वेस उकरून काढलेली आहे. आत शिरताना भिंतीला लागून दगडी बाक आहे आणि जवळच एक दगडी चौथरा, त्यावर छत धरायच्या खांबांसाठी कोरलेल्या बैठका. बाक वडीलधाऱ्यांचा असावा आणि चौथरा राजाच्या किंवा त्याच्या अंमलदाराच्या आसनाचा, असं अनेकांना वाटतं. लाखीशच्या वेशीतही, आतल्या खोल्यांत, असेच बाक मिळाले आहेत. बाक आणि चौथरा यांत काही पावलांचं अंतर आहे. बाकावरच्या माणसाने चौथऱ्याकडे बघून बोलायला सुरुवात केली की काय होतं, हे आमोस या संदेष्ट्याने इ.स.पू. आठव्या शतकात सांगितलं: तुम्ही लाच घेता, वेशीत गरिबाला डावलता, वेशीत न्याय पुन्हा उभा करा. यशया या संदेष्ट्याने तर वडीलधारे आणि सरदार यांनाच परमेश्वरापुढे आरोपी म्हणून आणलं: द्राक्षमळा तुम्हीच खाऊन टाकला, गरिबाची लूट तुमच्या घरात आहे. संदेष्ट्यांचा राग वडीलपणावर नव्हता. ज्यांच्याकडून अपेक्षा होती त्यांनी ती मोडली, याचा तो राग होता.

राज्याविना ही व्यवस्था किती टिकते याचा एक दाखला आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल हा ज्यू समाज कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या गावागावांत तेल गाळत राहिला, शनिवारी घाणा बंद म्हणून शनवार तेली म्हणवला गेला, आणि गावांवरूनच पेणकर, किहीमकर, दिवेकर अशी आडनावं घेऊन मराठी झाला. सॅम्युएल इझिकेल दिवेकरांनी 1796 साली मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, बांधलं. या समाजाच्या पंचमंडळींत गब्बाई (खजिनदार) आणि शमाश (सिनेगॉगचा सेवक) हे हिब्रू शब्द आहेत, आणि त्यांच्या शेजारी मुकादम आणि चौगुला. तंटे मुकादमासमोर जमून मिटवायचे. चौगुला हा आपल्या गावगाड्यातला पाटलाच्या हाताखालचा माणूस. नाव कोकणातलं आलं, पण दहा जाणत्यांनी बसून ऐकायचं आणि साक्ष राहायचं, हे काम ओळखीचं आहे.

यरुशलेमकडे परत येतो. इ.स.पू. 609च्या सुमारास यिर्मया या संदेष्ट्याने मंदिराच्या अंगणात उभं राहून सांगितलं की हे मंदिर शिलोसारखं उजाड होईल. याजक आणि संदेष्टे ओरडले, याला मारा. सरदार राजवाड्यातून येऊन नव्या वेशीच्या दाराशी बसले. तेव्हा देशाच्या वडीलधाऱ्यांपैकी काही जण उठले आणि जमलेल्या लोकांना म्हणाले: हिज्कीया राजाच्या दिवसांत मोरेशेथच्या मीखाने असंच म्हटलं होतं, सीयोन शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीयाने त्याला मारलं का? मधे शंभर वर्षं गेली होती. त्यांना वाक्य शब्दशः पाठ होतं. राजाजवळ फौज होती, याजकांजवळ मंदिर होतं. या म्हाताऱ्यांजवळ आठवण होती, आणि ती त्यांनी चारचौघांत उभं राहून सांगितली. दरबारातल्या अहीकामाने हात दिला म्हणून यिर्मया वाचला, हेही खरं. तेव्हाचा राजा यहोयाकीम याने उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला इजिप्तमधून पकडून आणून मारलं. पण त्या दिवशी मारा म्हणणाऱ्या गर्दीसमोर पहिला दाखला वडीलधाऱ्यांनी दिला.

काही वर्षांनी पहिली धरपकड होऊन राजा, राजमाता, कारागीर, लोहार बाबेलला (बॅबिलॉनला) नेले गेले. तिथे ना वेस होती, ना वतन, ना वेशीतला बाक. यहेज्केल या संदेष्ट्याकडे वडीलधारे येऊन समोर बसत, असं त्याने तीनदा लिहून ठेवलं आहे. यिर्मयाने यरुशलेमहून त्यांना एक पत्र पाठवलं. राजा यखन्या तिकडे कैदेत जिवंत होता, पण पत्राच्या मायन्यात पहिलं नाव त्याचं नाही. पत्र आहे बंदिवासातल्या उरलेल्या वडीलधाऱ्यांना, मग याजकांना, संदेष्ट्यांना आणि सगळ्या लोकांना, म्हणजे सर्वांसमोर वाचण्यासाठी. त्यात लिहिलं होतं: घरं बांधा आणि राहा, मळे लावा आणि त्यांची फळं खा, मुलामुलींची लग्नं करा, आणि ज्या नगरात नेलं आहे त्याचं भलं मागा.